ऑस्टेरिटी 0-6-0 सॅडल टँक : सीझनभर फायरमन म्हणून काम केल्यावर, आणि मुख्यतः त्याच्या इंजेक्टरविषयी

ऑस्टेरिटी म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये बांधलेलं, डबे जोडण्या-हलवण्याच्या कामाचं (शंटिंगचं) सहा चाकांचं वाफेचं इंजिन; त्याचे बाकीचे आकडे इथे उगाळत नाही. यॉर्कशायरमधल्या एका छोट्या हौशी रेल्वेवर मी एप्रिलपासून सुट्टीच्या दिवशी याच्यावर कोळसा मारतोय. आधी सीझन संपल्यावर निवांत लिहिणार होतो. पण ऑगस्टमध्ये एका दुपारी दोन्ही इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारी उपकरणं) एकदम बंद पडले, बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी खालच्या नटाला टेकलं आणि लेड प्लग (पाणी फार खाली गेलं की वितळणारी सुरक्षेची गुडदी) वाचवायला आम्हाला आग काढून टाकावी लागली. पुढच्या फेऱ्या रद्द, तिकिटांचे पैसे परत.

इंजेक्टरमध्ये ना दट्ट्या, ना पंप. बॉयलरचीच वाफ ‘कोन’ नावाच्या निमुळत्या तोटीतून सुटते, तिला टाकीतलं गार पाणी भेटतं, वाफेचं तिथल्या तिथे पाणी होतं आणि त्या झोताला इतका जोर येतो की तो बॉयलरच्या दाबाविरुद्ध आत घुसतो. सगळा खेळ पाणी गार असण्यावर. पाणी तापलेलं असलं की वाफ विरत नाही, झोत मोडतो आणि सगळं ओव्हरफ्लोमधून रुळांवर. आता या इंजिनाची 1,200 गॅलनची टाकी बसवली आहे कुठे, तर थेट बॉयलरच्या पाठीवर! शंटिंगमध्ये तासन्‌तास उभं राहायचं, पाणी फारसं खर्च होत नाही, म्हणजे तेच पाणी वर तापत बसतं.

तरी सुरुवातीला माझा राग टाकीवर नव्हता, कोनवर होता. हे कोन नुकतेच बाहेरच्या एका वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन आले होते. फोन केला तर उत्तर आलं, तुमचं पाणी घाण असेल. गाळणी उघडून फोटो पाठवले, जाळी लख्ख. मग म्हणाले, फायरमन नवखा असेल. हे मात्र फार झोंबलं. शेवटी आमच्या फिटरकाकांनी गेज लावून मापं घेतली, तर एका कोनचं तोंड कोरून जास्त रुंद (रीम) केलेलं निघालं. कोन बदलून मिळाला, पण येण्याजाण्याचा कुरियर आमच्याच माथी. चहाच्या स्टॉलवर पेनी पेनी जमवणाऱ्या संस्थेला हा भुर्दंड का?

नवा कोन बसल्यावर मत थोडं बदललं. सकाळी आता पहिल्या झटक्यात पकडतो, तो एकसुरी गुणगुणाट ऐकला की बरं वाटतं. पण उन्हाच्या दुपारी टाकी तिसऱ्या हिश्शावर आली की डावा इंजेक्टर अजूनही रुसतो. म्हणजे निम्मा दोष वर्कशॉपचा, निम्मा मूळ रचनेचा. उपाय दोनच : गरज नसली तरी संधी मिळेल तिथे टाकी भरून घ्या, आणि इंजेक्टरच्या अंगावर ओलं गोणपाट टाकून ठेवा. अडला तर बादलीभर गार पाणी ओता, बहुतेक वेळा पकडतो. त्यानंतर दोन्ही एकदम गेलेले नाहीत.

मी याच्या इतका मागे लागलोय ते कोळशापायी. उभ्या इंजिनाचा दाब चढला की इंजेक्टर लावून तो खाली आणायचा असतो. इंजेक्टर नसेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतात आणि पैसे मोजून आणलेला कोळसा हवेत जातो. आमच्यासारख्यांना कोळसा देणारी वेल्सची फॉस-इ-फ्रान खाण 2023 मध्ये बंद झाल्यापासून तर प्रत्येक फावडं जपून मारावं लागतं.

बाकी इंजिन सोनं आहे. दिशा बदलायचा रिव्हर्सर लिव्हरचा, त्यामुळे पुढे-मागे करायला क्षणाचाही वेळ लागत नाही. चाकांचा पाया 11 फुटांचा, यार्डातल्या आवळ वळणांवरही भरलेल्या वाघिणी बिनतक्रार ढकलतं. आतल्या मोशनला (हलणाऱ्या दांड्यांना) तेल घालायला इंजिन रुळांमधल्या खड्ड्यावर उभं करून फ्रेममध्ये अंग आकसून शिरावं लागतं, ते सवयीनं जमतं. युद्धात घाईघाईनं, स्वस्तात, दोनेक वर्षांच्या राबणुकीसाठी बांधलेली ही 377 इंजिनं. त्यातली 75 एलएनईआर या ब्रिटिश रेल्वे कंपनीनं घेतली, त्यांच्या वर्गाला जे94 म्हणत. इंग्लंडमधल्या हॉप्टनच्या 14 ला 1 चढावर यांनीच माल ओढला, 1967 पर्यंत. आमच्यावरची पाटी व्हल्कन फाउंड्री, 1945. बोरीबंदर-ठाणे गाडीची 1853 ची इंजिनंही याच कारखान्यातली, हे कळल्यापासून ती पाटी मीच घासतो.

रोज शंटिंग असेल तर डोळे मिटून घ्या. लांब फेऱ्या आणि वाटेत पाण्याची सोय नाही, असं असेल तर घेऊ नका. कोन दुरुस्तीला दिलेत, तर परत आल्यावर बसवण्याआधी माप घ्या आणि कुरियर कोण भरणार ते आधी लेखी घ्या.