सायन-कुर्ल्याच्या गाळ्याला ॲल्युमिनियमची पूरफळी लावावी का?

शटरच्या दोन्ही बाजूंना उभे चॅनल, त्यांत वरून सरकवायच्या पोकळ ॲल्युमिनियमच्या फळ्या, तळाला आणि सांध्यांत रबर, वरून दाबायला क्लॅम्प. वस्तू एवढीच. विक्रेते तिला फ्लड बॅरिअर म्हणतात, दुकानदार नुसती फळी. निकाल आधीच सांगून टाकू: फळी चांगली असते, बसवणूक बहुतेकदा वाईट असते आणि दोन फुटांच्या वर पाणी चढत असेल तर तिच्या भरवशावर राहू नये.

मुळात दुकानदाराने हा खर्च का करावा? मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, तेही ओहोटी असताना. ही क्षमता 50 मिमीवर न्यायला ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांवरच्या अहवालाने 1993 मध्ये सांगितलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडल्यावर त्या कागदांवरची धूळ झटकली गेली. पावसाचं पाणी उपसून समुद्रात टाकायला ठरवलेल्या आठ पंपिंग स्टेशनांपैकी हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा उभी राहिली. माहुलचं मिठागराच्या जमिनीपाशी बराच काळ अडलं, मोगराचं जमिनीच्या मालकीच्या वादात. आता माहुलवर डोळे कोणाचे? गांधी मार्केट, सायन, कुर्ला, वडाळा, चेंबूरचे. मोगरावर अंधेरीकरांचे. साडेचार मीटरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नाल्याचं पाणी समुद्रात जात नाही, उलटं गटारातून वर येतं. फळी घ्यायची ती याच चार-पाच तासांसाठी.

आता बसवणूक. सर्वांत मोठी चूक तळाशी होते. मिस्त्री चॅनल आणि खालची पट्टी सरळ लादीवर ठोकतात. वर रबर घट्ट बसतं, पण लादीखालच्या रेतीतून पाणी आरामात आत शिरतं आणि दोष फळीला मिळतो. शटरच्या रेषेतली लादी काढून तिथे काँक्रीटचा सलग, पाणसळीत पट्टा भरून घ्या आणि पट्टी त्यावर बसवा. बाजूचे चॅनलही प्लास्टरवर नकोत. प्लास्टर खरवडून विटेत किंवा आरसीसीत अँकर गेला पाहिजे. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, मध्ये नायलॉनचा वॉशर. साध्या लोखंडी बोल्टने खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम पोखरतं.

मधला खांब हा दुसरा मुद्दा. दहा फुटी शटरवर एक फूट पाणी चढलं तर फळ्यांवर साधारण 135 किलोचा दाब येतो. दोन फुटांना तो दुप्पट नव्हे, चौपट होतो, म्हणजे 540 किलोच्या आसपास. इतक्या लांबीची फळी मध्ये आधार नसेल तर बाक काढते आणि रबर सुटतं. म्हणून मध्ये काढता-घालता येणारा खांब मागाच, त्याचं जमिनीतलं सॉकेट झाकणासकट. झाकण नसलेल्या सॉकेटमध्ये मे महिन्यापर्यंत गुटख्याच्या पुड्या भरलेल्या असतात. दोन फुटांच्या वर जुन्या विटेच्या भिंतीलाच धोका असतो. तेव्हा उंच फळी मागू नका, पाणी आत येऊ द्या आणि माल पोटमाळ्यावर चढवा.

फळी लावली आणि नहाणी उघडी राहिली तर सगळं फुकट. बाहेरची पातळी आतल्या लादीपेक्षा वर गेली की संडास आणि नहाणी ट्रॅपमधून मैलापाणी उसळतं. बाहेर जाणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप हवी, तीही उघडून साफ करता येईल अशा चेंबरमध्ये. तिच्यात प्लास्टिकची एक पिशवी अडकली तरी ती बंद होत नाही. वायरिंगच्या पाइपांची तोंडंही बुजवून घ्या.

थोडं पाझरणारच, म्हणून अर्ध्या एचपीचा, पाण्यात बुडवून ठेवायचा आणि पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा (फ्लोट स्विचवाला सबमर्सिबल) पंप लागतो. त्याची नळी फळीच्या वरून बाहेर काढा आणि तिलाही नॉन-रिटर्न लावा, नाहीतर पंप थांबल्यावर बाहेरचं पाणी त्याच नळीने परत येतं. पाणी चढलं की सुरक्षेसाठी वीज कापली जाते, हे गृहीत धरा. अर्धा एचपी म्हणजे 373 वॅट एवढंच बघून छोटा इन्व्हर्टर घेतला, तर पंप सुरू होतानाच तो ट्रिप होतो. सुरुवातीचा करंट कितीतरी पट असतो. पेट्रोलचा पंप बंद गाळ्यात कधीही चालवू नका, धुराने जीव जाईल.

रबर ईपीडीएमचं (एक कृत्रिम रबर) असेल तर त्याला ग्रीस किंवा व्हॅसलिन लावू नये, ते फुगतं. सिलिकॉन ग्रीस चालतं. फळ्यांवर रंगाने आकडे घाला, क्लॅम्पचे सगळे नॉब एका डब्यात ठेवा. आकडे घातलेले असतील तर फळ्या बसवायला दोघांना पंधरा मिनिटं पुरतात. मेअखेरीस फळ्यांच्या बाहेर विटा-मातीचा वीतभर बांध घालून पाणी भरून बघा. बसवणाऱ्याचे शेवटचे पैसे या चाचणीनंतरच द्यावेत.

रेतीच्या गोण्या स्वस्त पडतात, पण त्या पाणी अडवत नाहीत, फक्त मंदावतात. एक फुटापर्यंतच पाणी येत असेल तर विटेचा पक्का उंबरठा बरा. हातगाडीवाले शिव्या देतील तेवढ्या सोसाव्या लागतील.

ऑर्डर मात्र एकट्याने देऊ नका. गाळ्यांच्या मधल्या भिंती बहुधा चार इंची असतात. शेजाऱ्याकडे फळी नसेल तर त्याच्या गाळ्यातलं पाणी तासा-दोन तासांत भिंतीतून तुमच्याकडे झिरपायला लागतं.