मराठी रोलप्लेइंग गेमच्या छपाईचा पैसा: किकस्टार्टर, इच की प्रकाशनपूर्व नोंदणी?

ब्रह्मपुरी, नागभीड किंवा वडशाकडच्या चार-सहा मित्रांनी पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या पार्श्वभूमीवर टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रे वठवत, फासे टाकत गोष्ट रचण्याचा खेळ, मराठीत लिहिला आहे, तो खेळून पाहिला आहे आणि आता केवळ छपाईचा पैसा उभा राहायचा आहे, असे गृहीत धरून हा आढावा लिहिला आहे. अशा गटापुढे आज तीन मार्ग दिसतात: किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरील मोहीम, इच डॉट आयओ (इच) या स्वतंत्र निर्मात्यांच्या खेळविक्रीच्या संकेतस्थळावरील डिजिटल विक्री आणि मराठी प्रकाशनव्यवहारात जुनी असलेली प्रकाशनपूर्व सवलतीची नोंदणी.

किकस्टार्टरचे आकर्षण स्वाभाविक आहे. २०२१ मध्ये ‘अवतार लेजंड्स’ या खेळाने तेथे सुमारे ९५ लाख डॉलर जमवले आणि २०२४ मध्ये ‘कॉस्मेअर’ने दीड कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. मात्र पहिल्यामागे एका गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचा आणि दुसऱ्यामागे कादंबरीमालेचा लाखोंचा चाहतावर्ग आधीपासून उभा होता, त्यामुळे या आकड्यांवरून नवख्याने काहीही अनुमान काढू नये. आपल्या कामाचा प्रवाह वेगळा आहे: किकस्टार्टरने २०१९ च्या फेब्रुवारीत ‘झीन क्वेस्ट’ हा उपक्रम सुरू केला आणि थोड्या पानांच्या, पिन मारलेल्या, एकदोन माणसांनी घडवलेल्या पुस्तिकांना त्यातून स्वतंत्र बाजारपेठ मिळाली. उद्दिष्ट पूर्ण झाले तरच पैसे कापायचे, अन्यथा कोणाचा एक पैसाही जात नाही, हा तेथील नियम देणाऱ्याला धीर देतो. यशस्वी मोहिमेतून कंपनी ५ टक्के घेते आणि पैसे वळते करण्याचा खर्च त्याहून वेगळा असतो.

अडचण मुळातच आहे. मोहीम उभारण्यास पात्र असलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. परदेशातील नातेवाइकाच्या नावावर मोहीम उघडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु मग मोहिमेचा कर्ता, करदाता आणि पुस्तक न पोहोचल्यास जबाब देणारा तोच ठरतो. तो कामात खरा भागीदार असेल तरच हा विचार करावा. शिवाय पाठवणीचा प्रश्न उरतो. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी काढून घेतली, तेव्हा भारतीय टपाल खात्याला तिकडची बहुतेक बुकिंग काही काळ थांबवावी लागली होती. असा बदल मोहीम संपल्यानंतर झाला, तर वाढीव खर्च निर्मात्याच्याच माथी बसतो.

इच डॉट आयओवर देशाची ती अट आड येत नाही. अपूर्ण खेळ पीडीएफ स्वरूपात विक्रीला ठेवायचा, उद्दिष्ट जाहीर करायचे आणि जमेल त्या पैशातून पुढची पाने, चित्रे करायची, ही पद्धत छोट्या निर्मात्यांत रुळली आहे. इचचा वाटा किती असावा हे विक्रेताच ठरवतो आणि काही न बदलल्यास तो १० टक्के राहतो. आपल्याकडचा पेच वेगळाच आहे: इचवर पैसे घेण्याची एक वाट म्हणजे पेपाल ही ऑनलाइन देयकसेवा, आणि तिने १ एप्रिल २०२१ पासून भारतातील देशांतर्गत व्यवहार बंद केले, त्यामुळे पेपालच्या वाटेने कॅनडातील ग्राहक आपल्याला पैसे देऊ शकतो, पण चिमूरचा देऊ शकत नाही. ज्या खेळाचे नियमच मराठीत आहेत, त्याला हा उलटा न्याय परवडणारा नाही.

म्हणून माझा कौल प्रकाशनपूर्व नोंदणीला आहे. किंमत जाहीर करायची, ठरावीक तारखेपर्यंत नोंदवणाऱ्यास सवलत द्यायची आणि जमलेल्या रकमेतून छापायचे, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही; यूपीआयमुळे मनिऑर्डरची वाट पाहणेही संपले आहे. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री नाटके होतात, धान निघून हातात थोडा पैसा येतो, आणि तिकीट काढून नाटक पाहणारा हा प्रेक्षक गोष्टीसाठी पैसे मोजायला कचरत नाही. तेथे एक टेबल मांडून अर्ध्या तासाचा प्रसंग खेळवून दाखवला आणि शेजारी क्यूआर कोड ठेवला, तर कोणत्याही संकेतस्थळावरील जाहिरातीपेक्षा नोंदणी अधिक होईल असे मला वाटते. मात्र सगळे नाहीतर काहीच नाही हा किकस्टार्टरचा नियम येथे आपणच आपल्यावर लादला पाहिजे: नोंदणीची रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी, किमान प्रतींचा आकडा छापील पत्रकावर द्यावा आणि तो गाठला नाही तर रक्कम परत करण्याची तारीखही तेथेच लिहावी. छापील पुस्तकावर जीएसटी नाही आणि आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक विनामूल्य मिळतो, हे दोन दिलासे हिशेबात धरावेत.

खेळ इंग्रजीतही लिहिलेला असेल, तर ती आवृत्ती इचवर अवश्य ठेवावी, पण मराठी आवृत्तीचा छपाईखर्च तिच्यावर अवलंबून ठेवू नये.

उद्दिष्ट ओलांडल्यावर नकाशे, पत्ते, धातूचे फासे अशा वाढीव भेटी जाहीर करण्याची परदेशी प्रथा तिन्ही मार्गांत टाळावी, कारण प्रत्येक भेट पार्सलचे वजन वाढवते आणि पुस्तक लांबणीवर टाकते. अशा अनेक खेळांत लागणारा वीस बाजूंचा फासा तालुक्याच्या गावी मिळणे कठीण आहे. तेव्हा नियम अजून बदलता येत असतील, तर ते लुडोच्या डब्यातील सहा बाजूंच्या फाशांवर बेतावेत, म्हणजे नोंदणीच्या किमतीत केवळ पुस्तक आणि टपाल एवढेच धरावे लागेल.