मोटर भाराला बसते? इंजिन खोलायला देण्याआधी हे वाचा

वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई, माहुल, ट्रॉम्बे, जिथे कुठे लहान फायबर होडीला मागे बाहेरून टांगायची आउटबोर्ड मोटर लावून घरं चालतात, तिथल्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. बाबांच्या मोटरीच्या दुरुस्तीच्या नावाखाली एका मिस्त्रीने आमच्याकडून ८५,५०० रुपये घेतले आणि इंजिन उघडलंसुद्धा नाही. त्याचं नाव इथे देत नाही. ते तक्रारीत दिलं आहे. इथे मला त्याची पद्धत सांगायची आहे, कारण सीझनच्या तोंडावर ती कुठल्याही बंदरावर चालून जाईल.

मोटर ४० हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची, कार्बोरेटरवाली टू-स्ट्रोक. बाबांनी ती नवी घेतलेली आणि तिचं इंजिन कधीच खोललेलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्या काळात मोटर झाकून ठेवलेली होती. बंदी उठली, दर्याला नारळ देऊन झाला, होडी पाण्यात उतरवली आणि त्रास सुरू झाला.

रिकामी होडी धक्क्याजवळ झकास पळायची. जाळी, बर्फ आणि चार माणसं घेऊन खाडीच्या तोंडाबाहेर पडल्यावर थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेला की मिनिटभर पूर्ण जोर मिळायचा, मग आवाज खाली बसायचा आणि होडी रेंगाळायची. बाबा हात मागे घेऊन मोटर हळू चालू ठेवायचे. थोड्या वेळाने तोच जोर परत यायचा, पुन्हा मिनिटभरच. बंदरावर दोघातिघांनी “इंजिन बसलंय” म्हटलं आणि त्यांच्यातल्याच एकाने या मिस्त्रीचा नंबर दिला.

मिस्त्री आला तो मोठ्या आत्मविश्वासाने. मोटर पाण्याच्या पिंपात उभी केली, न्यूट्रलमध्ये रेस करून दाखवली. आवाज स्वच्छ. मग म्हणाला, “बघा नाखवा, करंट बरोबर हाय, पेट्रोल बरोबर हाय. म्हंजे रोग आतला हाय.” प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजायचा मीटर लावला, दोरी ओढली. एका सिलिंडरला काटा जेमतेम अर्ध्यावर गेला. “रिंगा गेल्या. पिस्टन घासलाय. असाच चालवलात तर समुद्रात जाम होईल आणि तुम्ही तिथे लटकाल.” समुद्रात अडकण्याची भीती घातल्यावर कुठला तांडेल पैशांची घासाघीस करेल? ६२,००० रुपयांचा आकडा सांगितला, निम्मे आगाऊ. त्यातले ३०,००० आईने बचत गटातून उचलले. काही रक्कम रोख दिली, काही यूपीआयने. यूपीआयवर दिसलेलं नाव दुकानाचं नव्हतं, भलत्याच माणसाचं होतं.

मोटर तो टेम्पोत घालून घेऊन गेला. परत आली तेव्हा सिलिंडरवर चकचकीत काळा रंग होता आणि सोबत एक गोणी. गोणीत ओरखडे पडलेला पिस्टन, तुटक्या रिंगा. “हे तुमच्या मोटरीतून निघालं.” बाबा तो पिस्टन हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. पुन्हा पिंपात रेस, पुन्हा स्वच्छ आवाज, उरलेले पैसे त्याने तिथेच घेतले.

समुद्रात गेल्यावर तेच. आता मिस्त्री म्हणाला, नवीन रिंगांना हा पंखा (होडी ढकलणारा प्रोपेलर) जड पडतो, कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत कमी पुढे ढकलणारा, घ्या. १४,५००. पंखा बदलल्यावर होडी आधीपेक्षाही हळू झाली, पण मिनिटभराने बसण्याचा रोग जसाच्या तसा. मग प्लगला करंट देणारी कॉईल. ९,०००. प्रत्येक वेळी तपासणी पिंपातच. बाबा त्याला म्हणाले, चला आमच्याबरोबर बाहेर, बघा डोळ्यांनी. त्याला कधी भरती जमली नाही, कधी दुसऱ्या बंदरावरचं काम निघालं. भरलेल्या होडीत तो एकदाही बसला नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. जो रोग फक्त भारावर दिसतो तो पिंपात दिसणारच नाही, हे कुठल्याही मिस्त्रीला पहिल्या वर्षी कळतं. त्याला ते माहीत होतं, म्हणूनच तो पिंपापासून हलत नव्हता.

शेवटी मनोरीचे मामा आले. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. स्वतःच्या होडीची टाकी आणि नळी काढून आमच्या मोटरीला जोडली आणि म्हणाले, “चल, जाळी टाक होडीत, माणसं घे.” खाडीबाहेर बाबांनी थ्रॉटल पूर्ण उघडला. मोटर बसली नाही. पार दूरपर्यंत जाऊन परत आलो, एकदाही आवाज पडला नाही. मग मामांनी आमची जुनी नळी ब्लेडने उभी चिरली. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या त्या नळीचं आतलं अस्तर सुटून त्याची एक जीभ तयार झाली होती. मोटर हळू चालते तेव्हा पेट्रोल कमी लागतं आणि जिभेच्या बाजूने तेवढं निघून येतं. जोर लावला की पंप जोरात ओढतो, जीभ ओढली जाते आणि वाऱ्याने दार आपटावं तशी वाट बंद होते. कार्बोरेटरच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर मोटर थोडा वेळ चालते, ती संपली की आवाज पडतो. हात मागे घेतला की वाटी पुन्हा भरते. म्हणजे मिनिटभराच्या त्या जोरातच रोगाचं निदान होतं. झिजलेल्या रिंगा हात मागे घेतल्याने बऱ्या होत नाहीत.

हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायच्या रबरी फुग्यासकट नवी नळी दोन-अडीच हजारांत आली. मोटर तेव्हापासून नीट चालते आहे, तीही जुन्या पंख्यावर.

मग गोणीतल्या पिस्टनकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर ०.५० असा आकडा कोरलेला होता. सिलिंडर घासून मोठा केल्यावर त्यात अर्ध्या मिलिमीटरने मोठा पिस्टन बसवतात, त्याच्यावर हा आकडा असतो. आमचं इंजिन कधी बोअरच झालेलं नव्हतं, तर हा पिस्टन त्याच्यातून निघाला कसा? दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीने रंग खरवडून दाखवला: बोल्टच्या कडेला खाऱ्या पाण्याचे जुने पांढरे थर तसेच, त्यांच्यावरून स्प्रे मारलेला. एकाही बोल्टला पाना लागलेला नव्हता. त्यानेच कॉम्प्रेशन परत मोजलं. मोटर गरम करून, दोन्ही प्लग काढून, करंट बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडा, मीटर घट्ट आवळलेला, काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढली. दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले. आधीच्या वेळी मोटर थंड होती, थ्रॉटल बंद होता आणि मीटर नुसता टेकवलेला होता. थ्रॉटल बंद असला की हवा कमी जाते, सैल मीटरमधून ती निसटते, आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसतं. तुमच्यासमोर कुणी कॉम्प्रेशन मोजत असेल तर या गोष्टी बघा. दोन सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत फरक असला तर घाबरायचं कारण नाही.

भाराला बसणाऱ्या मोटरीत काय काय असू शकतं, हे मामांनी आणि त्या जाणत्या मिस्त्रीने मला समजावलं. ते लिहून ठेवते, कारण यातलं बरंचसं पैसे न देता घरी तपासता येतं.

आधी आवाज ऐका. जोर लावल्यावर आवाज चढतो पण होडी ढकलली जात नाही, असं असेल तर पंख्याच्या आतला रबरी बुश सरकत असेल. पंख्याच्या मधल्या तुंब्यावर आतून बाहेरपर्यंत एक सरळ रेघ रंगाने ओढा, भार देऊन चालवून आणा, आणि रेघ तुटलेली दिसते का ते बघा. तुटली असेल तर पंखा गेला, इंजिन नाही. आवाज खाली बसत असेल तर पंख्याला नायलॉनची जाळी किंवा प्लास्टिक गुंडाळलं आहे का ते पहिल्यांदा बघा. आपल्या खाड्यांत ते रोजचंच आहे. तेच प्लास्टिक पाणी ओढणाऱ्या जाळीवर बसलं तर मोटर तापते, म्हणून मागून पडणारी पाण्याची बारीक धार नीट आहे का हेही बघायचं.

यात काही सापडलं नाही तर पेट्रोलकडे वळा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद असेल तर टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल येईनासं होतं. मोटर बसू लागली की दुसऱ्या माणसाला नळीवरचा फुगा दाबत राहायला सांगा. दाबल्याबरोबर जोर परत आला तर दोष पेट्रोल येण्यात आहे: नळी, फिल्टर किंवा मोटरीवरच्या छोट्या पंपाचा पडदा. फुगा आपोआप चपटा होत असेल तर अडथळा त्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला. सगळ्यात खात्रीची तपासणी म्हणजे मामांची: ताजं पेट्रोल भरलेली दुसऱ्याची टाकी आणि दुसऱ्याची नळी. तिला खर्च फक्त पेट्रोलचा.

बंदीच्या काळात पेट्रोल टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये तसंच राहिलं तर ते चिकट होतं आणि जेटचं भोक बुजवतं. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल पावसाळी हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाला वेगळं होतं, आणि टाकीची नळी नेमकी तळातूनच ओढते. जुन्या नळ्यांच्या अस्तरालाही ते मानवत नाही. म्हणून टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल वापरू नका. मे महिन्यात मोटर शेवटची बंद करताना नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवली तर हा त्रास बराच टळतो.

एवढं सगळं करूनही मोटर द्यावीच लागली तर देण्याआधी ब्रॅकेटवरच्या नंबरचा फोटो काढा. सिलिंडरच्या दोन-तीन बोल्टवर नेलपॉलिशची रेघ अशी ओढा की ती अर्धी बोल्टवर आणि अर्धी धातूवर येईल. बोल्ट फिरला की रेघ तुटते. काय बदलणार आणि किती लागणार हे त्याच्या सहीने कागदावर घ्या. जुने भाग परत मागा आणि ते तुमच्याच मोटरीचे आहेत का ते दुसऱ्याला दाखवा. शेवटचे पैसे भरल्या होडीत पूर्ण थ्रॉटलला चालवून झाल्यावरच, मिस्त्री होडीत बसलेला असताना.

आम्हाला बंदरावर एकाने सांगितलं की होडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक धरले जाणार नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येच म्हटलं आहे की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानायची नाही. आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि मग मुंबई उपनगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. आमच्याकडे यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअपवरचे त्याचे मेसेज, तो पिस्टन, चिरलेली नळी आणि दुसऱ्या मिस्त्रीचं लेखी निदान आहे. रोख दिलेल्या पैशांचा कागद नाही, फक्त त्यानेच मेसेजमध्ये “बाकी मिळाले” असं लिहिलं आहे. तेवढं पुरेल अशी आशा आहे.

बाबा आणि मामांनी मिळून एक जादा टाकी आणि चांगली नळी आमच्या शेडमध्ये ठेवली आहे. आमच्या बाजूच्या कुणाची मोटर भाराला बसत असेल तर ती घेऊन जा आणि एक फेरी मारून बघा. आणि एखादा मिस्त्री पिंपातल्या तपासणीवर इंजिन खोलायला मागत असेल तर त्याला पैसे देण्याआधी आमच्याकडे या. गोणीतला तो पिस्टन आयोगाला द्यावा लागेपर्यंत घरीच आहे, तो दाखवते.