विमा कंपनीचा माणूस म्हणून आला आणि मायच्या सह्या घेऊन गेला

अपघातात थोडंफार लागलं असेल आणि आठ दिवसांच्या आत कुणी फाइल घेऊन दारात आलं, "कंपनीकडून आलो, आजच पैसे घेऊन टाका" म्हणालं, तर त्याला पाणी द्या, बसायला द्या, पण सही देऊ नका. आमच्या घरी हेच झालं. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यातल्या गावांमध्ये हा माणूस आणि याच्यासारखे दुसरे अजूनही फिरतात, म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहे.

सीतादई, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची वावरातली पूजा, होऊन कापसाची वेचणी ऐन रंगात आली होती. माय आणि गावातल्या चार बाया ऑटोनं शेजारच्या गावच्या वावरात निघाल्या होत्या. फाट्यावर ऑटो वळत असताना मागून आलेल्या कारनं ठोकलं. ऑटो कलंडला, माय बाहेर फेकली गेली आणि उजव्या तळहातावर पडली. १०८ ची गाडी आली, तिनं सगळ्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथं एक्स-रे काढला, हाड मोडलेलं दिसलं नाही. मुका मार आहे म्हणून पट्टी बांधली, गोळ्या दिल्या आणि हात दुखत राहिला तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा दाखवा असं चिठ्ठीवर लिहून दिलं. दवाखान्यातून पोलिसांत कळवलं गेलं, बीट जमादार येऊन जबाब घेऊन गेले. मी तेव्हा बुटीबोरीला कंपनीत ड्यूटीवर होतो. मायचा फोनवरचा आवाज ठीक होता.

तो माणूस आला तेव्हा बाबा वावरात होते आणि बहीण शाळेत. दुपारची वेळ साधूनच आला असावा. इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्राची फीत, हातात फाइल, सोबत एक पोरगा. त्यानं पहिल्यांदा एफआयआरची प्रत काढून समोर ठेवली. आमच्याजवळ ती नव्हती, त्याच्याजवळ होती. एवढ्यानंच मायला वाटलं की हा सरकारी नाहीतर कंपनीचाच माणूस असणार. पुढचं तिच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलं आहे की जसंच्या तसं सांगू शकतो.

"काकू, तुमचा तर मुका मार आहे. हाडबिड काही मोडलं नाही. कोर्टात गेल्या तर वर्षानुवर्षं चकरा, वकिलाची फी वेगळी, अन् शेवटी हाती काय येईल त्याचा भरोसा नाही. कंपनी आजच वीस हजार देऊन राहिली. उद्या मी येईन का नाही, सांगता येत नाही."

माय म्हणाली, "पोरगा आला की त्याले इचारतो."

"पोरगा येईपर्यंत फाइल बंद होते, काकू."

मायला अक्षर ओळख चांगली आहे, चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिनं कागद हातात घेतला तर त्यानं बोट ठेवून जागा दाखवली, "इथं अन् इथं." ती मला म्हणाली, "मी वाचाले घेतला की तो पान पलटवे. वाचूच नाही देलं." पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर एक सही, छापील फॉर्मवर तीन-चार, आणि दोन कोऱ्या कागदांवर. मग त्या पोरानं लहानशा यंत्रावर तिचा अंगठा ठेवायला सांगितला, "पैसे मिळाल्याची नोंद" म्हणून. कापूस वेचून वेचून बोंडाच्या काट्यांनी तिच्या बोटांची कातडी घासून गेली आहे, ठसा काही उठेना. पोरानं ओलं फडकं घेऊन तिची एकेक बोटं पुसली आणि पुन्हा पुन्हा दाबली, शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटावर यंत्र वाजलं. जाताना दवाखान्याचं कार्ड, एक्स-रे आणि गोळ्यांची बिलं "ऑफिसात जमा करायला लागतात" म्हणून घेऊन गेला. वीस हजार रोख मोजून दिले. पावती दिली नाही.

हात मात्र दुखायचा थांबला नाही. सूज उतरली, पण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कापूस धरला की कळ थेट कोपरापर्यंत जायची. मी सुट्टीवर घरी आलो तेव्हा ती डाव्या हातानं भाकर थापायचा प्रयत्न करत होती. तिला घेऊन यवतमाळला हाडाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा पडतो तिथं दाबलं आणि माय ओरडलीच. पुन्हा एक्स-रे काढला. मनगटातलं एक लहान हाड, स्कॅफॉइड, मोडलं होतं. डॉक्टरांनी समजावलं की हे हाड मोडलं तर पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढला की चीर दिसते. ग्रामीण रुग्णालयाच्या चिठ्ठीवर "पुन्हा दाखवा" लिहिलं होतं ते याचसाठी. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, वेळेत प्लास्टर पडलं नाही तर जुळत नाही, मग ऑपरेशन. मायला प्लास्टर लागलं. किलोमागं मजुरी मिळते अशा कामात उजवा हात बांधला गेला म्हणजे हंगाम गेला.

या घाईमागचं कारण माझ्या इथं लक्षात आलं. दुखापत खरी किती आहे हे उघड होण्याआधी जखमी माणसाची सही मिळवायची, सगळा धंदा यावरच चालतो. मुका मार म्हणून घरी पाठवलेल्या माणसाचं हाड, मानेचं दुखणं, गुडघ्यातली शीर, हे पंधरा दिवस ते महिन्याभरानं समोर येतं. तोवर कागदावर "पूर्ण आणि अंतिम रक्कम मिळाली, काही तक्रार नाही" असं लिहून झालेलं असतं.

डॉक्टरांनी विचारलं, पोलीस केस आहे तर जुने कागद कुठं आहेत? म्हणून ठाण्यात गेलो. जमादार म्हणाले, "तुमच्या वकिलानं नेले ना भाऊ सारे कागद." आम्ही तर कोणताच वकील केला नव्हता. मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप घेतलं, त्यात पक्षकाराच्या नावानं शोधता येतं. मायचं नाव, आडनाव आणि वर्ष टाकलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तिच्या नावानं दावा दाखल होता.

जिल्हा न्यायालयात जाऊन नक्कल काढली. अर्जावर आम्ही कधी न पाहिलेल्या वकिलाचं नाव होतं, वकीलपत्रावर मायची सही होती. आणि दाव्यात काय लिहिलं होतं? उजव्या मनगटाचं हाड मोडलं, हात कायमचा अधू झाला, मजुरी बुडाली. घरी येऊन "हाडबिड काही मोडलं नाही" म्हणणाऱ्यानं कोर्टात हाड मोडल्याचं लिहून दिलं होतं. कारच्या विमा कंपनीशी तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, तयार होती, एक लाख साठ हजारांची, आणि प्रकरण येणाऱ्या लोकअदालतीत ठेवलेलं होतं. पैसे जमा करायचं खातं मायच्याच नावाचं, पण आम्हाला माहीत नसलेलं. त्या यंत्रावर बोटाचा ठसा घेतला तो खातं उघडायला. पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर सगळं त्यांच्याकडे. म्हणजे वीस हजार त्यानं स्वतःच्या खिशातून गुंतवले होते आणि एक लाख साठ हजार काढून घेणार होता. विमा कंपनीनं त्याला पाठवलंच नव्हतं.

हे लोकअदालतीच्या आधी कळलं हे आमचं नशीब. लोकअदालतीत निवाडा झाला की त्यावर अपील होत नाही. फसवणूक झाली म्हणून तो रद्द करून घ्यायचा तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट अर्ज घेऊन जावं लागतं, आणि मजुरी करणारी बाई नागपूरला रिट घेऊन कधी जाणार? लोकअदालत वाईट नाही. किरकोळ दुखापतीचे दावे तिथं लवकर आणि बिनखर्चात मिटतात. पण तिथं जखमी माणसानं स्वतः उभं राहून, रक्कम स्वतःच्या कानानं ऐकून सही करायला पाहिजे.

आम्ही काय केलं ते सांगतो, कारण असा प्रसंग आलेल्या माणसाला पहिल्यांदा काहीच सुचत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस न्यायालयाच्या आवारातच असतं, तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही तसंच. १५१०० या नंबरवर फोनही करता येतो. तिथून मिळालेल्या वकीलबाईंनी मायचं प्रतिज्ञापत्र करून न्यायाधिकरणापुढे अर्ज दिला की वकीलपत्र फसवून घेतलं आहे, तडजोड मला मान्य नाही, आणि मिळालेले वीस हजारही त्यात लिहिले, लपवलं काहीच नाही. बँकेच्या शाखेत लेखी पत्र देऊन ते खातं गोठवायला लावलं. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीची, तक्रार दिली. पोच घेतल्याशिवाय कुठल्याच खिडकीवरून हललो नाही. घरातल्या सगळ्यांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं, ते मोबाइलवर होतं.

वकीलबाईंकडून कायदा समजून घेतला तेव्हा कळलं की त्या माणसानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट उलटी होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि अपघाताच्या दाव्यांबद्दलचे नवे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यानुसार अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनीच ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो. जखमीला त्याचे हक्क सांगणारा छापील नमुना दहा दिवसांत पोलिसांनीच द्यायचा असतो. कलम १४९ प्रमाणे कंपनी त्यासाठी नेमलेला अधिकारी ठरवते, तो ३० दिवसांत आपला प्रस्ताव न्यायाधिकरणापुढे ठेवतो. जखमीला पटला तर न्यायाधिकरण तशी नोंद करतं आणि कंपनीनं त्यानंतर ३० दिवसांत पैसे द्यायचे. पटला नाही तर नाही म्हणायचं, मग सुनावणी होते. नाही म्हटल्यानं फाइल बंद होत नाही. ओट्यावर बसून रोख पैसे मोजण्याची सोय यात कुठंही नाही.

आणि ज्याला तो माणूस "किरकोळ" म्हणत होता, त्याबद्दल. हाड मोडणं किंवा निखळणं ही कायद्यात गंभीर दुखापत आहे, मग ते हाड शेंगदाण्याएवढं का असेना. भारतीय न्याय संहितेचं कलम ११६ पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये ठरलेले आहेत, आणि त्यात चूक कुणाची होती हे सिद्ध करावं लागत नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा. ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. म्हणून कुणाचा हात किंवा पाय कायमचा अधू होण्याची शक्यता असेल तर कोणतं कलम धरायचं ते डॉक्टर आणि वकील दोघांशी बोलून ठरवा. १६६ च्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली आहे. त्या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, पण त्या भरवशावर थांबू नका, सहा महिन्यांच्या आतच दाखल करा. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही चालतो, अपघात परजिल्ह्यात झाला असला तरी.

पुराव्याचं म्हणाल तर मजुरांच्या घरात सगळ्यात आधी हेच हरवतं. आम्हाला दवाखान्यातून दुसऱ्या प्रती काढायला फार फिरावं लागलं. मूळ कागद कुणालाच देऊ नका, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. एफआयआरची प्रत जखमीला किंवा तक्रारदाराला फुकट मिळते, मागून घ्या. कारचा नंबर टाकला की एम-परिवहन ॲपवर तिचा विमा चालू आहे की नाही ते दिसतं. आणि मजुरी बुडाल्याचं दाखवायला आम्हाला सगळ्यात जास्त कामी आली ती वावराच्या मालकाची वही, ज्यात रोज कोणी किती किलो वेचलं ते लिहिलेलं असतं. मायच्या नावासमोर अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत आकडे आहेत, नंतर रेघ. वकीलबाईंनी त्या पानांची छायाप्रत दाव्याला जोडली.

सध्या तडजोड रद्द होऊन दावा नव्यानं चालू आहे. मायचं प्लास्टर निघालं, पण अंगठ्याची पकड पूर्वीसारखी नाही, अपंगत्वाची टक्केवारी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या प्रमाणपत्रावरून ठरेल. पोलिसांनी त्या पोराला बोलावलं होतं, मुख्य माणूस अजून मिळालेला नाही. त्याच ऑटोतल्या दुसऱ्या दोघी बायांकडेही तो गेला होता असं नंतर कळलं. त्यांतल्या एकीनं सही दिलेली आहे, आणि तिच्या नावानं कुठं दावा टाकला आहे का ते आम्ही आता शोधतो आहोत. तुमच्या गावात वर्ष-दोन वर्षांत कुणाचा अपघात झाला असेल आणि त्यानं असे रोख पैसे घेतले असतील, तर त्याचं नाव ई-कोर्ट्सवर आजच टाकून बघा.