193 सेंटिमीटर, 30 मीटर: जायंट स्लॅलमच्या खऱ्या रेस स्कीचं परीक्षण

रेस स्की घ्यायला गेलं की सारख्याच रंगाच्या, जवळपास एकाच नावाच्या दोन जोड्या शेजारी उभ्या दिसतात. पहिलीची लांबी 175 ते 185 सेंटिमीटर आणि वळणाची त्रिज्या (स्कीच्या कडेचा बाक ज्या वर्तुळाचा तुकडा असतो, त्याची) 17-18 मीटरच्या आसपास असते. दुसरीवर 193 आणि 30 हे आकडे छापलेले असतात. पहिली हौशी स्कीपटूसाठी आहे, वर काहीही लिहिलेलं असो. हे परीक्षण दुसरीचं आहे: आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या, म्हणजे फिसच्या, नियमांत बसणारी जायंट स्लॅलमची स्की. गेटमधून, म्हणजे बर्फात रोवलेल्या खांबांमधून, मोठी वेगवान वळणं घेत उतरायची ही शर्यत. महिलांसाठी तीच 188 सेंटिमीटर आणि 30 मीटर. ॲटॉमिक, हेड, रॉसिन्योल, फिशर, श्टोकली, सगळ्यांकडे ती मिळते. नियम इतके आवळलेले आहेत की आकार सगळ्यांचा जवळपास सारखाच येतो. बुटाखाली रुंदी 65 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे कंपनीवरून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. फरक पडतो तो कडकपणाने, आणि स्की किती नीट तयार केली आहे त्याने.

या आकड्यांमागे थोडा इतिहास आहे. 2012-13 च्या हंगामात फिसने दुखापती कमी व्हाव्यात म्हणून पुरुषांची किमान त्रिज्या 27 वरून 35 मीटरवर नेली आणि लांबी 195 केली. खेळाडूंनी जोरदार विरोध केला, त्यात अमेरिकेचा टेड लिगेटी सर्वांत पुढे होता. त्याच लिगेटीने त्या स्कीवर ऑस्ट्रियातल्या सोल्डनची, हंगामातली पहिली शर्यत 2.75 सेकंदांच्या फरकाने जिंकली. वळण आधीच सुरू करून स्की लवकर आणि खूप कलवायची, हे त्याच्याइतकं कोणालाच जमत नव्हतं. 2017-18 पासून पुरुषांची स्की 193 आणि 30 वर आली. लिगेटीने जे करून दाखवलं, ते 30 मीटरची स्कीही मागतेच, जरा कमी कठोरपणे.

ही स्की नेमकं काय मागते, ते साध्या गणितातून कळतं. छापलेली त्रिज्या स्की सपाट असतानाची. कलवली की घट्ट बर्फावर ती साधारण कोनाच्या कोसाइनने कमी होते. 30 अंशांवर 30 मीटरचे 26 होतात, 45 अंशांवर 21, 60 अंशांवर 15. पण तेवढं कलून तोल टिकवायचा तर वेगही तेवढाच लागतो. उताराचा हिशेब बाजूला ठेवला तर 30 अंशांना ताशी 44 किलोमीटरच्या आसपास, 45 ला 52 आणि 60 ला 57. कंबरेतून वाकून थोडा जास्त कोन मिळवता येतो, पण थोडाच. ताशी 40 ने जाणाऱ्याच्या पायाखाली ही स्की सरळच पळते. तो दोष स्कीचा नाही.

म्हणून घेण्याआधी एक चाचणी करावी. सध्याच्या स्कीवर, गेटशिवाय, कडक बर्फावर मध्यम उतारावरून पूर्ण वेगाने वळणं घ्यायची आणि मग मागे वळून खुणा बघायच्या. वळणाच्या सुरुवातीपासूनच दोन बारीक, स्वच्छ रेघा उमटल्या असतील तर 30 मीटरचा विचार करावा. वळणाच्या वरच्या एक-तृतीयांश भागात बर्फ पुसल्यासारखा दिसत असेल तर अजून नाही. हलक्या वजनाच्या, सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूला ही स्की घाईने दिली की तो मागचा भाग झटकून वळायला शिकतो. झटकलं की एज (स्कीची पोलादी कड) पकडतं ते उशिरा, थेट गेटच्या खाली. मग सगळा दाब वळणाच्या शेवटी येतो, स्की थडथडते आणि पुढच्या गेटला आणखी उशीर होतो. ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. अशांसाठी 23 ते 25 मीटरची मास्टर्स (वयाने मोठ्या हौशी स्पर्धकांसाठीची) जोडी सरावाला कितीतरी बरी. 188 सेंटिमीटर लांबीची 30 मीटरचीही मिळते. ती कोणत्या दर्जाच्या शर्यतीत चालते, ते त्या वर्षाच्या नियमावलीत पाहून घ्यावं.

दुकानात न सांगितली जाणारी गोष्ट कडकपणाची. कारकिर्दीच्या सुरुवातीला फिसचे गुण नसतात. गुण जितके कमी तितका खेळाडू वरचा, आणि सुटण्याचा क्रम गुणांवर ठरतो. म्हणजे नवा खेळाडू शेवटच्या घोळक्यात सुटतो आणि त्याच्या वाट्याला आधीच्या साठ-सत्तर जणांनी खणलेले चर येतात. विश्वचषकातले पहिले पंधरा ज्या गुळगुळीत, पाणी मुरवून गोठवलेल्या बर्फावर जातात, त्यासाठी बनवलेली अतिकडक स्की चरात वाकत नाही. एका काठावर आपटते, दुसऱ्यावर उडते. त्यामुळे कंपनीच्या रेस विभागाकडून एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कडकपणाच्या जोड्या मिळत असतील, तर नवख्याने मधली किंवा मऊच घ्यावी. कडक जोडी म्हणजे वेगवान जोडी, हा समज फार महागात पडतो. हाताने तपासायचं तर स्की जमिनीवर उभी टेकवून मध्यावर दाबावी, मग दुसरीही तशीच. दोन्ही सारख्याच वाकल्या पाहिजेत. एक मऊ, एक कडक अशी जोडी असेल तर डावं आणि उजवं वळण कायम वेगळं येईल.

बाइंडिंगच्या, म्हणजे बूट धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या पकडीच्या, बाबतीत नियम साधा आहे: ती किती जोराला सुटावी याचा आपल्याला लागणारा आकडा तिच्यावरच्या पट्टीच्या मधल्या भागात यावा. पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला कसून वापरलेलं बाइंडिंग नको. नुसत्या दिमाखासाठी सगळ्यात मोठं आणून खालच्या टोकाला सैल केलेलंही नको. बेसपासून (स्कीच्या खालच्या पृष्ठभागापासून) बुटाच्या तळव्यापर्यंत एकूण उंची 50 मिलिमीटरच्या आत आणि बुटाचा तळवा 43 च्या आत बसला पाहिजे. तळव्याखाली पट्टी वाढवून घेतलेल्यांनी शर्यतीआधी मोजून घ्यावं, नाहीतर उतरल्यावर बाद होण्याची वेळ येते. बाइंडिंगखालच्या प्लेटचे काही स्क्रू मुद्दाम लांबट खाचेत बसवलेले असतात, स्की वाकली की प्लेट सरकावी म्हणून. ते करकचून आवळले की स्की मध्यावर काठीसारखी होते. बाकीचे मात्र दर काही दिवसांनी तपासावेत, थरथरीने ते सैल होतात.

आता तयारी. खोक्यातून काढलेली नवी स्की अर्धीच बनलेली असते, असं समजावं. आधी बेसवर पोलादी पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरावं. मध्ये फट दिसली तर बेस खोलगट आहे आणि एज उंच राहिलेत. अशी स्की वळणातून सुटतच नाही. कडेला फट दिसली तर बेस फुगीर आहे आणि स्की डुलते. दोन्हींवर उपाय एकच, यंत्रावर दगडी घासकाम, आणि तेही चांगल्या हाताकडूनच.

त्यानंतर एजचा बेसकडचा कोन जायंट स्लॅलमला 0.5 ते 0.7 अंश, बाजूचा 87. बेसकडचा कोन एकदाच लावायचा. तो चुकून 1 च्या पुढे गेला तर पुन्हा पूर्ण बेस घासल्याशिवाय परत येत नाही. बाजूला कानस मारण्याआधी एजवरची प्लॅस्टिकची भिंत पात्याने मागे सरकवून घ्यावी. ती तशीच राहिली तर कानस प्लॅस्टिकवर टेकते, एजला लागतच नाही, आणि कोन 87 चा 88 होऊन बसतो. कोन बरोबर लागतोय का, हे बघायला एजवर मार्करने काळी रेघ ओढावी आणि कानशीचा एक हलका हात मारावा. शाई पूर्ण रुंदीभर निघाली तर गाइड (कानस ठरावीक कोनात धरणारं साधन) बरोबर बसलं आहे. वरच्याच काठाची निघाली किंवा खालच्याच, तर गाइड किंवा भिंत तपासावी. दगडाला घासून एजवर कडक डाग पडला असेल तर तिथे कानस नुसती सरकते आणि तिचेच दात जातात. आधी डायमंडचा दगड फिरवून तो डाग काढावा. कानशीनंतर डायमंड 200, 400, 600 या क्रमाने, आणि शेवटी धारेवरची कूस काढायला मऊ रबरी दगड अगदी हलक्या हाताने. जोर लावला की तासाभराची धार अर्ध्या मिनिटात जाते. रोजच्या सरावानंतर कानशीची गरज नसते, 400 आणि 600 पुरतात. एजची जाडी मोजकीच असते आणि ती संपली की जोडी संपली.

नव्या बेसला मऊ वॅक्स आठ-दहा वेळा गरम करून पाजावं लागतं. इस्त्री थांबवायची नाही. थांबली की बेस जळतो आणि तिथे पुन्हा वॅक्स धरत नाही. थंड झाल्यावर खरवडावं, मग ब्रश. फ्लोरिनचं वॅक्स 2023-24 पासून फिसच्या स्पर्धांत बंद आहे. त्याच हंगामाच्या पहिल्या शर्यतीत, सोल्डनला, नॉर्वेची रॅग्नहिल्ड मोव्हिंकेल तपासणीत बाद झाली होती. इस्त्री, ब्रश आणि खरवडणीलाही जुनं फ्लोरिन चिकटलेलं असू शकतं, म्हणून जुनी अवजारं रेसच्या स्कीला लावूच नयेत.

बरेच जण पहिली जोडी वापरलेलीच घेतात, आणि ते शहाणपणाचं आहे. पण अशा स्कीच्या बेसमध्ये काय मुरलंय ते दिसत नाही. ती आणल्यावर मऊ, बिनफ्लोरिनचं वॅक्स लावून गरम असतानाच खरवडायचं, असं अनेकदा करावं, आणि शक्य असेल तर बेस घासून घ्यावा. घेताना दोन्ही स्की बेसला बेस लावून धराव्यात. मध्ये सारखा बाक आणि दोन्ही टोकांजवळ सारखा स्पर्श दिसला पाहिजे. आतले ॲल्युमिनियम मिश्रधातूचे, म्हणजे टायटॅनलचे थर एकदा वाकले की सरळ होत नाहीत. एकीच्या टोकाशी जास्त फट असेल तर ती पडझडीत वाकलेली आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. एजची जाडी टोकाशी आणि बुटाखाली ताडून बघावी. बुटाखाली ती निम्मी उरली असेल तर धारेचे थोडेच हात शिल्लक आहेत. टोकाजवळच्या थरांत नख घालून बघावं. गेटच्या फटक्यांनी थर सुटायला लागतात ते तिथूनच. सुटलेल्या थरात पाणी शिरलं की गोंद टिकत नाही.