बालशल्यचिकित्सा विभाग : शस्त्रक्रिया उत्तम, पुढची व्यवस्था तोकडी

माझ्या भाचीच्या जठरात साठलेला केसांचा गोळा ह्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आला. हा आजार कोणाच्या ध्यानीमनी नसतो, म्हणून ह्या विभागाचे काम कसे आहे ते जरा सविस्तर लिहीत आहे.

मुलगी दहा वर्षांची. दोन घास खाल्ले की पोट भरले म्हणायची, अधूनमधून उलटी व्हायची आणि वजन घटत चालले होते. धायरीत घराजवळ जंतांचे औषध, आम्लपित्ताचे औषध, भूक वाढवणारे टॉनिक असे सगळे होऊन गेले होते. येथील बालशल्यचिकित्सकांनी पोटाला हात लावण्याआधी तिची वेणी सोडायला सांगितली आणि टाळूच्या उजव्या बाजूस बोटांनी भांग पाडत जाऊन निरनिराळ्या लांबीचे, तुटलेले आखूड केस आम्हाला दाखवले. मग बरगड्यांच्या खाली हात ठेवला, तर तेथे टणक, थोडासा सरकणारा गोळा लागत होता. मुलीला दरडावणे नाही की आईकडे रोखून पाहणे नाही, "केस तोंडात धरलेस की कधी गिळले जातात का गं?" एवढेच त्यांनी विचारले आणि तिने मान हलवली. घरी हे तिने कोणालाही सांगितले नव्हते.

केसपेपरच्या मागे जठराचे चित्र काढून त्यांनी आजार समजावून दिला, तो आमच्या सासूबाईंनाही कळला. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि आपल्या पाचकरसांना ते पचत नाहीत. शिवाय ते गुळगुळीत असल्यामुळे जठराच्या हालचालीने पुढे न ढकलले जाता आतल्या वळ्यांमध्ये अडकून राहतात, त्यांत अन्न आणि चिकट स्राव गुंतत जातो आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत जठराच्याच आकाराचा गोळा तयार होतो. त्याचे शेपूट लहान आतड्यात उतरले, तर त्याला रॅपन्झेल सिंड्रोम म्हणतात. त्याचे पहिले वर्णन १९६८ साली वैद्यकीय नियतकालिकात आले. दुर्लक्ष झाल्यास आतडे तुंबू शकते, जठराला व्रण पडू शकतो, क्वचित छिद्रही पडते.

सोनोग्राफीत फक्त एक चकचकीत कमान आणि तिच्यामागे गडद सावली दिसली, म्हणून सीटी स्कॅन झाले. तोंडातून दुर्बीण घालून भागत असेल तर पोट कशाला उघडायचे, असे माझ्या मेहुण्यांनी विचारले. लहान गोळा कधीकधी तसा निघतो, पण एवढा मोठा गोळा तुकडे करून ओढताना एखादा तुकडा आतड्यात जाऊन अडकण्याची भीती असते, असे उत्तर मिळाले. कोला पाजल्याने गोळा विरघळतो, हा कोणा नातेवाइकाचा सल्लाही डॉक्टरांनी न हसता ऐकून घेतला. फळांच्या आणि भाज्यांच्या तंतूंचे गोळे त्याने विरघळू शकतात, केसांचे नाही, असे त्यांनी सांगितले. पुण्यात प्रश्न विचारणाऱ्या नातेवाइकांची वाण नाही, त्यामुळे हा संयम मी मुद्दाम नोंदवते.

गोळा अखंड निघाला, आणि सुटलेला तुकडा राहू नये म्हणून लहान आतडेही तपासण्यात आले. नंतर ट्रेमध्ये तो आम्हा मोठ्यांनाच दाखवला, वासाची आधी कल्पना देऊन : काळाकुळकुळीत, ओलसर चमकणारा, एका टोकाला निमुळता. केस कोणत्याही रंगाचे असले तरी जठरातील आम्लामुळे ते काळे पडतात, असे डॉक्टर म्हणाले. मुलीला तो दाखवला नाही, हे फार योग्य केले. नाकातील नळी असेपर्यंत परिचारिकांनी तिला ज्या मायेने सांभाळले, त्याला तोड नाही.

तक्रारी आता. वॉर्डातील राउंडला "हीच ती केस खाणारी" असे सर्वांदेखत म्हटले गेले. दहा वर्षांच्या मुलीला सगळे कळते. कॅशलेसच्या वेळी विमा कंपनीकडून "स्वतः करून घेतलेली इजा आहे का?" अशी विचारणा आली, तेव्हा विमा कक्षातील कर्मचारी कागद आमच्या हातात देऊन मोकळा झाला. केस उपटून गिळण्याची सवय मानसिक आजारात मोडते आणि मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, हे त्या कक्षाला आम्ही सांगावे लागले.

सर्वांत मोठी त्रुटी डिस्चार्ज कार्डात आहे. टाके, पथ्य, रक्तात लोह कमी आढळल्यामुळे लोहाचे औषध, सगळे त्यात आहे, तेही केवळ इंग्रजीत. पण केस उपटण्याच्या आणि गिळण्याच्या सवयीबद्दल एक ओळ नाही. ही सवय सुटली नाही तर गोळा पुन्हा होऊ शकतो, हे शस्त्रक्रियेआधी ह्याच डॉक्टरांनी सांगितले होते. समुपदेशकांचे नाव आम्ही मागितल्यावर मिळाले. आता त्या समुपदेशक मुलीला हात डोक्याकडे जाण्याआधीचा क्षण ओळखायला आणि त्या वेळी हातांना दुसरे काम द्यायला शिकवत आहेत, आणि ते काम चांगले चालले आहे. त्यांचा कक्ष मात्र दुसऱ्या इमारतीत आहे आणि वेळ सकाळची, म्हणजे शाळा बुडवूनच जावे लागते. येथे मुलाला दाखल करणाऱ्यांनी घरी जाण्याआधीच समुपदेशनाची पहिली तारीख कार्डावर लिहून घ्यावी.