अटॅकच्या अँजिओग्राफीत नस फुगलेली दिसली: गोळ्या, कव्हर्ड स्टेंट की बायपास?

अटॅक आला, अँजिओग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाले नस फुगलीय, अ‍ॅन्युरिझम आहे, की घरचे पहिलं विचारतात हे फुटणार तर नाही ना. फुटणं फार कमी वेळा होतं हो, खरी भीती गुठळीची. फुगलेल्या जागी रक्त घोळत राहतं, गुठळी धरते, तिथेच नस बंद करते नाहीतर सुटून पुढच्या बारीक नसांत जाऊन अडकते. शेजारच्या चांगल्या भागाच्या दीडपटीपेक्षा जास्त रुंदी झाली की अ‍ॅन्युरिझम धरतात. लहानपणी कावासाकी आजार (लहान मुलांना होणारा, नसांना सूज आणणारा ताप) झाला असेल तर ते आठवणीने सांगा.

अटॅक चालू असताना रक्त परत वाहतं करणं हेच पहिलं काम, मग गुठळी ओढून काढणं, बलून, ड्रिपमधून औषधं, जे लागेल ते. प्रवाह नीट सुरू झाला आणि डॉक्टर म्हणाले स्टेंट आत्ता नको, नंतर बघू, तर घाबरू नका, माझ्या मते बऱ्याचदा तेच शहाणपणाचं असतं, कारण अशा नसेत माप चुकलं की स्टेंट भिंतीला टेकत नाही आणि तिथेच परत गुठळी होते.

मापासाठी नुसत्या अँजिओग्राफीवर विसंबू नये. ती रक्त वाहतं तेवढीच पोकळी दाखवते, फुगा गुठळीने भरला असेल तर लहानच दिसतो. आयव्हस म्हणजे नसेच्या आतून केलेली सोनोग्राफी, त्यात भिंत, खरं माप, फुगा खरा की भिंत फाटून झालेला, सगळं कळतं. ओसीटी म्हणजे नसेच्या आतून प्रकाशाने काढलेलं चित्र, ते जास्त बारीक पण मोठ्या नसेत ते खोलवर पोचत नाही. सीटी अँजिओ नंतरच्या फॉलोअपला बरी.

आता निवड. फुगा लहान, प्रवाह चांगला, तर गोळ्या: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, आणि गुठळी जास्त असेल तर वॉरफरिनसारखं गुठळी रोखणारं औषध. कापाकापी नाही, पण अ‍ॅस्पिरिन, ती दुसरी गोळी आणि वॉरफरिन ही तिन्ही एकत्र चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो, म्हणून तिन्ही किती दिवस हे स्पष्ट विचारा, आणि वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, चुकवू नका. कव्हर्ड स्टेंट, म्हणजे पातळ पडद्याने मढवलेली जाळी, फुगा आतून बंद करतो, पण तो ताठ असतो, वेड्यावाकड्या नसेत सरकत नाही, आणि तिथून महत्त्वाची फांदी निघत असेल तर तीही बंद होते, शिवाय पुन्हा अरुंद होण्याची शक्यता राहते. फुगा खूप मोठा, डाव्या मुख्य नसेत किंवा फाट्यावर, किंवा बाकीच्या नसाही ब्लॉक, तर मी बायपासच्या बाजूने, त्यात फुगा बांधून टाकून पुढे नवी वाट देता येते. ऑपरेशन मोठं आहे, रिकव्हरीला वेळ लागतो, आणि अटॅकनंतर किती दिवस थांबायचं हे हृदयाच्या पंपिंगवर आणि अजून दुखतंय का यावर ठरतं, म्हणून सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांना एकत्र बसवूनच विचारा.